बासरीचं एक टोक बुचानं बंद, मग ती उघडी नळी कशी?

ऐरोलीहून एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ते दोन वर्षांपासून बासरी शिकताहेत आणि त्यांची मुलगी बारावी सायन्सला आहे. तिच्या पुस्तकात लिहिलंय की एका टोकाला बंद असलेल्या नळीत फक्त विषम हार्मोनिक उमटतात, म्हणजे मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट. त्यांच्या बासरीला फुंकेच्या बाजूला बूच आहे, म्हणजे एक टोक बंदच झालं. पण फुंक जरा जोरात घातली की सूर तिप्पट नाही, दुप्पट वारंवारतेवर जातो, सरळ वरच्या सप्तकात. मग पुस्तक चूक की बासरी? शिवाय मुलीनं प्रयोगशाळेत रेझोनन्स ट्यूबवर ध्वनीचा वेग काढला, तो एका पद्धतीनं सेकंदाला ३३० मीटर आला आणि दुसऱ्या पद्धतीनं ३४९. खरा कोणता? आणि शेवटचं, एसी हॉलमध्ये बासरी उतरते ती का?

ठाण्यात एकतीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं, त्यात हा पहिला प्रश्न मला फार तर चार-पाच मुलांनी विचारला असेल. त्या सगळ्यांच्या हातात काही ना काही वाद्य होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तक बरोबर आहे आणि तुमची बासरीही बरोबर आहे. गफलत ‘बंद’ या शब्दात आहे. नळी बंद की उघडी हे नुसतं बघून ठरवायचं नसतं. त्या टोकाशी हवेला पुढेमागे हलायला मोकळीक आहे का, एवढंच विचारायचं. बासरी हातात घ्या आणि बूच नेमकं कुठे आहे ते पाहा. मुखरंध्राच्या अगदी जवळ, बोटाच्या एखाद्या पेराइतकंही अंतर नसतं. तुम्ही फुंकता तेव्हा ओठांतून निघालेली हवेची पातळ पट्टी मुखरंध्राच्या समोरच्या कडेवर आपटते आणि क्षणात आत, क्षणात बाहेर अशी हेलकावत राहते. म्हणजे मुखरंध्रातून हवा सतत आत-बाहेर होते आहे. ते भोक बाहेरच्या मोकळ्या हवेला जोडलेलं आहे, तिथे दाब फारसा वाढू शकत नाही. नळीतल्या हवेच्या दृष्टीनं नळी मुखरंध्राशीच संपते, आणि ते टोक उघडं आहे. पलीकडचं टोक तर उघडंच असतं. दोन्ही टोकं उघडी, म्हणून दुप्पट, तिप्पट, चौपट सगळे हार्मोनिक मिळतात. बूच हवेची गळती थांबवतं आणि सप्तकं एकमेकांशी नीट जुळायला मदत करतं. ते थोडं आत-बाहेर सरकवलं तर मंद्र, मध्य आणि तार सप्तकांचं नातं बिघडतं, म्हणून चांगले बासरी बनवणारे त्याच्या जागेबद्दल फार काटेकोर असतात.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही, टेप घेऊन मोजा. तुमची बासरी पांढरी तीनची आहे, म्हणजे तिचा सा हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर आहे, असं धरू. पांढरी तीनचा सा साधारण ३३० हर्ट्झ. सहाही भोकं बंद केली की वाजतो तो मंद्र पंचम, म्हणजे त्याच्या तीन चतुर्थांश, सुमारे २४७ हर्ट्झ. आपल्याकडच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४९ मीटर धरला, तर उघड्या नळीला या सुरासाठी अर्धी तरंगलांबी लागते (एका आवर्तनात ध्वनी जेवढं अंतर कापतो ती तरंगलांबी), म्हणजे ३४९ भागिले २४७ ची दुप्पट ४९४, जवळजवळ ७० सेंटिमीटर. बासरी बंद नळी असती तर पाव तरंगलांबी पुरली असती, म्हणजे ३५ सेंटिमीटर. आता मुखरंध्राच्या मध्यापासून उघड्या टोकापर्यंत मोजा. ३५ च्या जवळपासही येणार नाही, ७० पेक्षा काही सेंटिमीटर कमी भरेल. ते काही सेंटिमीटर कुठे गेले, ते पुढे मुलीच्या प्रयोगात येईलच. पण लांबी स्वतःच साक्ष देते आहे की ही उघडी नळी आहे.

आता मुळाशी जाऊ, कारण खरी अडचण तिथे असते. मुलं सूत्र पाठ करतात, पण एक गोष्ट त्यांना कधीच पटलेली नसते: उघड्या टोकाशी भिंत नाही, काहीच नाही, मग लहर परत कशी फिरते? भिंतीवरून परत येणं कळतं. मोकळ्या हवेवरून परत येणं कसं कळणार?

संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावरची गर्दी आठवा. अरुंद पुलावर माणसं दाटीवाटीनं पुढे सरकताहेत. पुढे कुणी वाट अडवली तर पुढची माणसं थांबतात, मागची त्यांच्यावर येऊन रेटतात, आणि ती दाटी मागे मागे सरकत तुमच्यापर्यंत पोचते. दाटी गेली आणि दाटी म्हणूनच परत आली. हे झालं बंद टोक. आता वाट अडवलेली नाही, पूल संपून एकदम मोकळा रस्ता लागतो असं समजा. पुढची माणसं तिथे पोचताच सुटतात, पसरतात, आणि त्यांच्या मागे रिकामी जागा होते. ती भरायला मागचे पुढे जातात, मग त्यांच्या मागे रिकामी जागा होते. दाटी गेली ती मोकळीक होऊन मागे आली. हे झालं उघडं टोक. हवेत याहून एक गोष्ट जास्त घडते. टोकाशी पोचलेलं संपीडन, म्हणजे दाटलेली हवा, बाहेर सुटतं तेव्हा हवेला गती असते, त्या जोरात ती गरजेपेक्षा थोडी जास्तच बाहेर जाते, आणि मागे दाब वातावरणापेक्षाही खाली येतो. ही विरळ झालेली हवा म्हणजे विरलन, ते नळीत उलटं निघतं. म्हणजे बंद टोक संपीडनाला संपीडन म्हणूनच परत पाठवतं, आणि उघडं टोक त्याचं विरलन करून पाठवतं. एवढी एक गोष्ट पक्की झाली की बाकीचं सगळं फेऱ्या मोजण्याचं काम आहे.

दोन्ही टोकं उघडी असलेली नळी घ्या. या टोकाकडून एक संपीडन निघालं. त्या टोकाशी उलटून विरलन झालं, परत या टोकाशी येऊन पुन्हा उलटलं आणि संपीडन झालं. एका जाण्यायेण्यात, नळीच्या दुप्पट अंतरात, ते मूळ रूपात आलं. आता एक टोक बंद करा. उघड्या टोकाकडून संपीडन निघालं, बंद टोकावरून संपीडन म्हणूनच परतलं, उघड्या टोकाशी उलटून विरलन झालं. अजून मूळ रूप आलेलं नाही. पुन्हा बंद टोकाकडे, तिथून विरलन म्हणूनच परत, उघड्या टोकाशी उलटलं, आणि आता कुठे संपीडन झालं. दोन जाणीयेणी, लांबीच्या चौपट अंतर. म्हणून तेवढ्याच लांबीची बंद नळी उघड्या नळीपेक्षा एक सप्तक खाली वाजते. पुस्तकातल्या सूत्रात वेगाला उघड्या नळीसाठी लांबीच्या २ पटीनं आणि बंद नळीसाठी ४ पटीनं भागतात, तो २ आणि ४ हा या फेऱ्यांचा हिशेब आहे.

विषम हार्मोनिकही इथूनच निघतात. बंद नळीत एका जाण्यायेण्यानंतर लहर उलटून येते. ती टिकून राहायची असेल तर फुंक तोपर्यंत जे नवं पाठवते आहे त्याच्याशी ती जुळली पाहिजे. म्हणजे तेवढ्या वेळात फुंकही उलट्या बाजूला पोचलेली हवी. अर्धं आवर्तन झालं असेल तर जुळेल. दीड झालं असेल तरी जुळेल, अडीच झालं तरी. अर्धं, दीड, अडीच यांचं नातं एक, तीन, पाच. आणि पूर्ण आवर्तन झालं असेल तर? फुंक म्हणते दाब वाढव, परतलेली लहर म्हणते कमी कर, आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. दुसरा आणि चौथा हार्मोनिक कुणी मनाई केली म्हणून नाहीत असं नव्हे, प्रत्येक फेरीत ते स्वतःच पुसले जातात.

इथे पुस्तकातल्या आकृतीबद्दल एक गोष्ट सांगते, कारण तिनं वर्षानुवर्षं माझ्या मुलांची दिशाभूल केली आहे. नळीत साखळीसारखी वळणदार रेघ काढलेली असते, बंद टोकाशी चिमटलेली आणि उघड्या टोकाशी फुगलेली. मुलांना वाटतं हवा नळीत वर-खाली नागमोडी हलते. हवा तशी हलत नाही. ती नळीच्या लांबीच्या दिशेनं पुढेमागे हलते, तेही मिलिमीटरच्या अंशाइतकी. ती रेघ म्हणजे हवा त्या जागी किती हलते याचा आलेख आहे. चिमटलेली जागा म्हणजे नोड, मराठी पुस्तकातला निस्पंद: तिथे हवा हलत नाही. फुगलेली जागा प्रस्पंद: तिथे सर्वांत जास्त हलते. दाबाचा आलेख काढला तर तो बरोबर उलटा येतो. जिथे हवा हलू शकत नाही तिथे ती दाबली जाते, आणि जिथे मोकळी हलते तिथे दाब वातावरणाइतकाच राहतो. कान आणि माइक दाब ओळखतात. बंद टोकाशी हवा थांबलेली आहे म्हणून तिथे आवाज नाही असं समजणाऱ्या मुलीला मी एवढंच सांगेन की लहान माइक बंद टोकाशी नेऊन बघ, तिथेच सर्वांत मोठा आवाज मिळेल. ऑगस्ट कुंट यांनी १८६६ साली हे डोळ्यांना दाखवलं होतं. काचेच्या आडव्या नळीत हलकी पूड पसरायची आणि नळीत ध्वनी उभा करायचा. हवा हलते तिथली पूड उडते, नोडपाशी ती ढिगाऱ्यानं साचते. ढिगांमधलं अंतर मोजलं की अर्धी तरंगलांबी हातात येते.

हार्मोनिक आणि ओव्हरटोन हे दोन शब्द परीक्षेत फार मार्क खातात, म्हणून पटकन सांगते. हार्मोनिक म्हणजे मूळ वारंवारतेची पट. ओव्हरटोन म्हणजे मूळ सुरानंतर प्रत्यक्षात येणारा पहिला, दुसरा, तिसरा. उघड्या नळीचा पहिला ओव्हरटोन म्हणजे दुसरा हार्मोनिक. बंद नळीचा पहिला ओव्हरटोन म्हणजे तिसरा हार्मोनिक. सीईटीला ‘दोन्ही नळ्यांचे पहिले ओव्हरटोन जुळतात, लांबीचं गुणोत्तर काढा’ असं विचारतात, त्याचं उत्तर बंदला ३ आणि उघडीला ४.

तुम्ही सूर ओळखता, म्हणून हेच तुमच्या भाषेत सांगते. नळीचा मूळ सूर सा धरा. दुप्पट म्हणजे वरचा सा. तिप्पट म्हणजे त्या वरच्या सप्तकातला पंचम. चौपट त्याही वरचा सा, आणि पाचपट त्या सप्तकातला शुद्ध गंधार. उघड्या नळीत हे सगळे आहेत. बंद नळीतून वरचे सगळे सा गळतात. ती सा वरून थेट वरच्या पंचमावर उडी मारते आणि तिथून त्याच्या वरच्या गंधारावर. लहानपणी पेनाचं टोपण ओठाला लावून फुंकलं असेल, ती बंद नळी. पाच सेंटिमीटरचं टोपण सोळाशे-सतराशे हर्ट्झच्या आसपास शीळ घालतं.

घरी एक प्रयोग करा, मुलीला बरोबर घ्या. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात इंचभर जाडीचा पीव्हीसी पाइप मिळतो, त्याचा फूटभर तुकडा कापून घ्या. पाइप एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं टोकावर चापट मारा. एकदा चापट मारून तळवा तिथेच दाबून ठेवा, एकदा मारून लगेच उचला. पहिल्या वेळी ठुम् असा खोल आवाज येईल, ती बंद नळी. दुसऱ्या वेळी टुम् असा जवळजवळ एक सप्तक वरचा, ती उघडी नळी. पाइप तोच, चापट तीच, फक्त टोक बदललं. वर्गात मी हे पहिल्याच तासाला करत असे आणि मग पुढचे दोन मिनिटं गप्प राहत असे, कारण पोरं आपोआप पाइप मागायला पुढे येत. फोनवर फायफॉक्स नावाचं फुकट अॅप आहे, त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम दिसतो, म्हणजे कुठली वारंवारता किती जोरात आहे याचा आलेख. ३० सेंटिमीटर लांब आणि आतून अडीच सेंटिमीटर रुंद पाइपला बंद अवस्थेत सुमारे २८४ आणि उघड्या अवस्थेत ५५४ हर्ट्झच्या आसपास आलेखाचं शिखर दिसलं पाहिजे. मुलीला विचारा, २८४ ची दुप्पट ५६८ होते, मग ५५४ का? तिनं याचं उत्तर स्वतः शोधलं तर प्रयोगशाळेतला तिचा ३३० आणि ३४९ चा गोंधळही तिथेच सुटेल.

त्या गोंधळाकडे येण्याआधी दोन वाद्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. लग्नाच्या बँडमध्ये काळी क्लॅरिनेट असते. तिची नळी सगळीकडे सारख्याच जाडीची. फुंकेच्या टोकाला पत्ती असते, ती क्षणोक्षणी मिटते आणि तिथे दाब साठतो, म्हणून ते टोक बंद. ही खरी बंद नळी. पाश्चात्त्य बासरी आणि क्लॅरिनेट यांची लांबी जवळपास सारखी, साठेक सेंटिमीटर. पण त्या बासरीचा सर्वांत खालचा सूर सुमारे २६२ हर्ट्झचा आणि क्लॅरिनेटचा सुमारे १४७ चा. वरच्या सुरांत जायला क्लॅरिनेटवाला अंगठ्याची एक चावी दाबतो, आणि सूर दुप्पट न होता तिप्पट होतो. पुस्तकातलं वाक्य या वाद्यानं शब्दशः खरं केलेलं आहे. मात्र स्पेक्ट्रम काढलात तर सम हार्मोनिक अगदीच शून्य दिसणार नाहीत, वरच्या भागात तर ते चांगलेच डोकावतात. भोकं आणि पुढचं पसरट तोंड यांच्यामुळे खरी नळी पुस्तकातल्या नळीपेक्षा वेगळी वागते.

आता सनई. तिलाही पत्ती, म्हणजे तेही टोक बंद. मग तिनंही क्लॅरिनेटसारखं वागायला हवं. पण सनई फुंकीच्या जोरावर सरळ वरच्या सप्तकात जाते, तुमच्या बासरीसारखी! कारण सनईची नळी सरळ नाही, ती पत्तीपासून पुढे रुंदावत जाणारा शंकू आहे. शंकूत लहर पुढे जाताना पसरते आणि तिचा दाब अंतराच्या प्रमाणात विरळ होत जातो. म्हणून दाबाऐवजी ‘दाब गुणिले शंकूच्या निमुळत्या टोकापासूनचं अंतर’ ही राशी घेतली तर ती सरळ नळीतल्या साध्या लहरीसारखी वागते. त्या निमुळत्या टोकाशी अंतरच शून्य, म्हणून ही राशी तिथे शून्य. उघड्या तोंडाशी दाब वातावरणाइतका, म्हणून तिथेही शून्य. दोन्हीकडे शून्य म्हणजे उघड्या नळीचीच अट, आणि सगळे हार्मोनिक परत आले. हे गणित मला कॉलेजात कुणी दाखवलं नव्हतं. पुढे स्वतः बसून सोडवलं, आणि त्या संध्याकाळी लग्नघरातून येणारी सनई मी फार वेगळ्या कानांनी ऐकली. तुतारी आणि शंख यांचंही असंच, बंद टोक ओठांचं आणि नळी रुंदावणारी. तुतारीला तर भोकंच नाहीत, तिच्यातून निघतात ते सगळे निव्वळ हार्मोनिक.

आणि अशी एक नळी प्रत्येकाच्या अंगात आहे. स्वरयंत्राशी बंद आणि ओठांशी उघडी, लांबी सुमारे साडेसतरा सेंटिमीटर. पाव तरंगलांबीचा हिशेब केला तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ, म्हणजे पुन्हा एक, तीन, पाच. तोंड सैल ठेवून नुसता ‘अ’ म्हटला की याच वारंवारतांच्या आसपास जोर येतो. जीभ आणि ओठ हलवून आपण या जागा सरकवतो, म्हणून ‘अ’चा ‘ई’ होतो. कानाची बाहेरची नळी अडीच सेंटिमीटर, पडद्याशी बंद. तिचा मूळ सूर साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास, आणि आपला कान नेमका तीन ते चार हजारांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो.

मुलं ठाण्याजवळच्या पारसिकच्या रेल्वे बोगद्याबद्दलही विचारायची: गाडी आत शिरली की घुमतं, ते स्थिर तरंग का, म्हणजे बासरीतल्यासारखा बोगद्याचा स्वतःचा सूर का? बोगदा सुमारे १.३ किलोमीटरचा, दोन्ही टोकं उघडी. मूळ वारंवारता ०.१३ हर्ट्झ, एका आवर्तनाला साडेसात सेकंद. ते कुणाला ऐकू येणार नाही. घुमतं ते भिंतींवरून पुन्हा पुन्हा परतणाऱ्या आवाजामुळे.

आता मुलीचा प्रयोग. पाण्यानं भरलेला उंच जार, त्यात उभी नळी, वर ५१२ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क). नळी हळूहळू वर उचलायची, पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे बंद टोक. एका जागी आवाज एकदम भरून येतो, जणू नळीत कुणी ‘ऊं’ म्हटलं; हाच रेझोनन्स. त्या क्षणी प्रत्येक मुलाचे डोळे मोठे होतात, हे मी एकतीस वर्षं पाहिलं आणि मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. तिची मापं तुम्ही कळवलीत: पहिला रेझोनन्स १६.१ सेंटिमीटरला, दुसरा ५०.२ ला, नळीचा आतला व्यास ३ सेंटिमीटर. फार सुंदर मापं आहेत.

पहिल्या पद्धतीत तिनं १६.१ हीच पाव तरंगलांबी धरली. चार गुणिले ५१२ गुणिले ०.१६१, उत्तर ३२९.७. पाठ असलेला ध्वनीचा वेग सेकंदाला ३३१ मीटर, म्हणून तिला वाटलं बरोबर आलं. इथेच सापळा आहे. ३३१ हा शून्य अंश सेल्सिअसला असलेला वेग. दर अंशाला तो सुमारे ०.६ मीटरनं वाढतो. तिच्या प्रयोगशाळेत ३० अंश असतील, तर वेग ३४९ च्या आसपास हवा, आपल्या दमट हवेमुळे आणखी दीड-दोन मीटर जास्तच. ३३० हे उत्तर चुकीचं आहे, आणि योगायोगानं ते पाठ केलेल्या आकड्याच्या शेजारी जाऊन बसतं. एका वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या एका विद्यार्थ्याचं ३४८ खोडून शेजारी ३३२ लिहिलं होतं. तो मुलगा रडवेला होऊन माझ्याकडे आला होता. त्या वर्षापासून मी प्रयोगशाळेत थर्मामीटर टांगला आणि तापमान लिहिल्याशिवाय जर्नल तपासणं बंद केलं.

चूक कुठून आली? उघड्या टोकाशी नळी संपते, पण हवेचं हलणं तिथेच संपत नाही. तोंडाबाहेरच्या हवेचा थोडा गोळाही आतल्या हवेबरोबर पुढेमागे होतो. म्हणून नळी दिसते त्यापेक्षा थोडी लांब असल्यासारखी वागते. ही वाढ व्यासाच्या ०.३ पट, म्हणजे त्रिज्येच्या ०.६ पट. हारोल्ड लेव्हिन आणि ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ साली याचं काटेकोर गणित केलं आणि आकडा ०.६१ च्या थोडा वर आला. हे श्विंगर म्हणजे पुढे १९६५ साली नोबेल मिळालेले क्वांटम सिद्धांतवाले. साध्या नळीच्या तोंडाचा प्रश्न अशा माणसानं हातात घेतला, हे मी मुलांना नेहमी सांगत असे.

दुसऱ्या पद्धतीत तिनं दोन मापांची वजाबाकी केली. वाढ दोन्हीत सारखीच असल्यामुळे ती वजाबाकीत उडून जाते. ५०.२ वजा १६.१ म्हणजे ३४.१ सेंटिमीटर, ही अर्धी तरंगलांबी. दोन गुणिले ५१२ गुणिले ०.३४१, उत्तर ३४९.२. हेच खरं. आता टोकाची वाढही काढता येते: ५०.२ मधून १६.१ ची तिप्पट वजा करायची, उरतात १.९, त्याचं अर्धं ०.९५. व्यासाच्या ०.३ पट म्हणजे ०.९. एवढं जुळलं की मला बरं वाटतं. पाइपच्या ५५४ चं कोडंही हेच. बंद पाइपला ही वाढ एका टोकाला मिळते, उघड्याला दोन्ही टोकांना, म्हणून उघडा पाइप पूर्ण सप्तक चढत नाही. आणि तुमच्या बासरीच्या ७० सेंटिमीटरमधली तूट मुख्यतः मुखरंध्राची आहे. ते भोक नळीपेक्षा लहान, त्यात ओठानं अर्धवट झाकलेलं, म्हणून तिथली वाढ उघड्या टोकापेक्षा कितीतरी मोठी.

मुलीला दोन सूचना. माप घेताना नळी वर नेतानाचा आणि खाली आणतानाचा, दोन्ही आकडे घेऊन सरासरी काढायची, कारण एक मिलिमीटरची चूक म्हणजे वेगात एक मीटरचा फरक. आणि नादकाटा रबराच्या पॅडवर हलकेच मारायचा, टेबलाच्या कडेवर कधीच नाही. जोरात मारला की त्याच्या मूळ सुराबरोबर सवासहापट उंच असा एक किणकिणता सूर निघतो. ५१२ च्या काट्याला तो बत्तीसशे हर्ट्झच्या जवळपास येतो, आणि मग दर साडेपाच सेंटिमीटरला खोटे रेझोनन्स ऐकू येतात. नववीपासून बारावीपर्यंतच्या किती मुलांनी त्यातला एखादा खरा समजून जर्नलमध्ये लिहिला असेल.

शेवटचा एसी हॉलचा प्रश्न आता सोपा आहे. बासरीची लांबी ठरलेली, म्हणून सूर वेगावर अवलंबून. बाहेर ३२ अंशांना वेग ३५० च्या वर, हॉलमध्ये २२ अंशांना ३४४ च्या आसपास. फरक पावणेदोन टक्क्यांचा, म्हणजे सुमारे ३० सेंट, जिथे एक अर्धस्वर १०० सेंटचा असतो. सर्वांत लहान श्रुती-अंतर २२ सेंटच्या आसपास मानतात, म्हणजे हे तयार कानाला स्पष्ट कळणारं आहे. तुमच्या श्वासाची ऊब नळीतली हवा थोडी तापवते, म्हणून प्रत्यक्ष उतार याहून कमी असतो, आणि वाजवत गेलात की सूर हळूहळू चढतो. बांबू थंडीनं आखडतो ते नगण्य. हार्मोनियमचा सूर धातूच्या पट्टीवर ठरतो, तिच्यावर हवेच्या तापमानाचा परिणाम फार थोडा, आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर तर नाहीच. म्हणून सगळे जागेवर राहतात आणि एकटी बासरी उतरल्यासारखी वाटते. कार्यक्रमाच्या दिवशी अर्धा तास आधी हॉलमध्ये पोचा, सगळी भोकं बंद ठेवून मंद्र पंचम पाच-सात मिनिटं लांब लावा, आणि मग तानपुऱ्याचं यंत्र तुमच्या बासरीच्या सा ला जुळवून घ्या.